पंखांचं गाढव आणि पोळ्याची जोडी

परभणीच्या माणसाला आत्मविश्वास विकत घ्यावा लागत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही पाळण्यात ऐकतो आणि पुढं आयुष्यभर, पुरावा न देता, दुसऱ्याला ऐकवतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ अशीही एक म्हण आमच्या नावावर आहे, पण ती आम्ही पाहुण्यांपुढं काढत नाही. आता जर्मनीनं आमच्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं, तर सांगता येणार नाही. केलं ते मेक्सिकोनं. ठेच्यातली मिरची तिकडची, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू तिकडचा, मका तिकडचा. दुधनेपासून गोदावरीपर्यंतच्या काळ्या रानात जो कापूस उभा असतो, त्या अमेरिकन कापसाचं मूळ घरही तिकडंच. एवढं सगळं घेऊन आम्ही त्यातल्या एकाही वस्तूला ‘मेक्सिकन’ म्हटलं नाही. तो मान परभणीत फक्त एका भुंग्याला मिळाला.

त्याची हकीकत अशी. गाजरगवत हे तण मेक्सिकोच्या आखाताकडून भारतात आलं आणि १९५५ साली पुण्यात लोकांच्या नजरेत भरलं. नवीन काहीही आधी पुण्यात येतं आणि तिथं नकोसं झालं की मराठवाड्याकडं सरकतं. हे गवत काही केल्या हटेना, म्हणून १९८४ साली शास्त्रज्ञांनी ते खाणारा भुंगा मेक्सिकोहून बंगळुरूला आणवला. आमचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी काढून त्यानं गावाचं नाव देशभरच्या कढयांत नेलं. तेच विद्यापीठ पावसाळ्यात शेतकऱ्यांना हे मेक्सिकन भुंगे पुरवतं. त्यामुळं ‘मामा, परभणीत मेक्सिकन काही मिळतं का?’ असं भाच्यानं विचारलं, तेव्हा मी छाती काढून सांगितलं, ‘मिळतं की! भुंगे. डबा मात्र आपला न्यावा लागतो.’

भाचा म्हणजे आमच्या आक्काचा मुलगा. टेक्सासात सॅन अँटोनियोला असतो. ऐन श्रावणात तो देवगिरी एक्सप्रेसनं उतरला. बरोबरच्या बॅगेत कपडे कमी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या जास्त. आक्काला वाटलं सुकामेवा असेल. पण त्याला तिकडं मेक्सिकन हस्तकलेचा नाद लागला होता. सॅन अँटोनियोत ‘मार्केट स्क्वेअर’ म्हणून जुना बाजार आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मेक्सिकन कुटुंबांची दुकानं आहेत, आणि त्यातल्या एका दुकानात हा दर शनिवारी जाऊन बसतो.

‘अमेरिकेत मेक्सिकन दुकान कसं?’ मी विचारलं.

‘मामा, ते गाव १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. मग टेक्सास वेगळं झालं, मग अमेरिकेत गेलं. लोक जागचे हललेच नाहीत.’

हे परभणीकराला समजावून सांगावं लागत नाही. माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, १९५६ साली मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात पोचले. या सगळ्या प्रवासात त्यांनी नानलपेठेतला वाडा एकदाही सोडला नाही.

भाचा त्या दुकानाचं वर्णन करू लागला की त्याचे डोळे भरून येत. काउंटरमागं आजी बसलेली. ती गिऱ्हाइकाशी बोलत नाही, फक्त त्याच्या हातांवर लक्ष ठेवते. भाव लेक सांगते. वरच्या फळीवरची वस्तू जावई काढतो आणि काढताना बोलणी खातो. नातू कार्ड घासायचं मशीन सांभाळतो. आणि या सगळ्यांचं आपसात जे चाललेलं असतं, त्याचा विक्रीशी काडीचा संबंध नसतो.

‘म्हणजे आपल्या कासाराच्या दुकानासारखंच की,’ आक्का म्हणाली. ‘त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?’

मग पुड्या सुटल्या. पहिल्या पुडीतून एक गाढव निघालं. गाढव आपलं अंदाजानं म्हणायचं. कान गाढवाचे, पंख फुलपाखराचे, शेपूट सरड्याची, आणि अंगभर लाल, पिवळे, जांभळे असे ठिपके की कुणी दोन-तीन महिने दुसरं कामच केलं नसावं. याला म्हणे ‘आलेब्रिखे’ म्हणतात. मेक्सिको सिटीत पेद्रो लिनारेस नावाचा कागदाच्या लगद्याच्या वस्तू करणारा कारागीर होता. १९३६ साली तो तापानं फणफणला आणि त्याला स्वप्नात असली जनावरं दिसली: पंखांचं गाढव, शिंगांचा कोंबडा. बरा झाल्यावर त्यानं ती जशीच्या तशी घडवली. पुढं वाहाका भागातल्या खेड्यांनी तीच कल्पना लाकडात उतरवली आणि त्यावर गावंच्या गावं पोट भरू लागली. आमच्याकडंही ताप येतो आणि तापात माणसं वाट्टेल ते बघतात. पण शेजारची म्हातारी उठून दृष्ट काढते, आणि एक अख्खा हस्तोद्योग मीठ-मोहऱ्यांसकट चुलीत जातो.

दुसऱ्या पुडीतून सांगाडा निघाला.

बाईचा सांगाडा. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर पिसांची भलीमोठी टोपी, आणि कवटीवर असं हसू की जणू आताच लॉटरी लागलीय. श्रावणाचा महिना, पुढ्यात सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी, आणि बैठकीत हाडं! आक्कानं आधी वाटी उचलली, मग मुलाकडं पाहिलं.

‘हिचं नाव कात्रिना,’ भाचा म्हणाला.

‘लग्न झालेलं आहे का?’

या प्रश्नाची त्याला अपेक्षा नव्हती. पण आक्काचं बरोबर होतं. घरात बाई आली की तिला कुंकू लावायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं, मग ती हाडांची का असेना.

भाच्यानं तिचा वंशवृक्ष सांगितला. होसे ग्वादालुपे पोसादा नावाच्या चित्रकारानं शंभरेक वर्षांपूर्वी हिची पहिली आकृती कोरली. तीही फक्त टोपीपुरती, कवटीपर्यंतच. आपलं मूळ विसरून युरोपी थाटात मिरवणाऱ्यांची ती थट्टा होती: अंगावर मूठभर मांस नाही, पण टोपी परदेशी. पुढं दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानं १९४७ च्या एका भित्तिचित्रात तिला अख्खा देह दिला आणि ती देशाची लाडकी झाली. आता नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकोत मेलेल्या माणसांचा सण असतो, त्यात ही घरोघर असते. मेलेले नातलग घरी येतात, त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या टाकतात आणि त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात.

‘म्हणजे पितृपक्षच,’ मी म्हणालो.

‘पण ते लोक हसतात, मामा. गाणी म्हणतात. कबरीपाशी बसून जेवतात.’

त्यांचे पितर वेगळे असावेत. आमच्याकडं पितर येतात ते बांधाच्या कडेची वीतभर जमीन कोणत्या पुतण्यानं दाबली हे बघायला. त्यांना वाट दाखवावी लागत नाही, ते सातबारा धरून बरोबर येतात. आम्हीही कावळ्याच्या रूपानं त्यांना गच्चीवरच गाठतो, वडे-खीर वरच्यावर देतो आणि खाली उतरू देत नाही. अशा माणसांना टोपी घालून हसवायची कल्पना आमच्या कारागिराला सुचली नाही, यात त्याचा दोष नाही.

तरीही मी मराठी माणसाची बाजू लावून धरली. याच रिव्हेरानं मेक्सिको सिटीच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत जी भित्तिचित्रं काढली, त्यातल्या एका चित्रात टेबलाशी बसून पाव मोडून वाटणारा माणूस आपला वर्ध्याचा आहे: पांडुरंग खानखोजे. इंग्रजांविरुद्ध गदर उभारणाऱ्यांतले हे क्रांतिकारक देशोदेशी भटकत १९२४ साली मेक्सिकोत पोचले, तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले आणि मक्याच्या जातींवर संशोधन करून नावाजले गेले. मेक्सिकन माणसाला मका शिकवायचा म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्शाचा वर्ग काढण्यासारखं धाडस, पण मराठी माणसानं ते केलं. आक्कानं हे सगळं ऐकून घेतलं आणि कात्रिनेला गोदरेजच्या कपाटावर, भिंतीकडं तोंड करून ठेवलं.

‘आता मला आपल्याकडचं असं दुकान बघायचंय,’ भाचा म्हणाला. ‘घरच्यांनी चालवलेलं, हातानं केलेल्या वस्तूंचं.’

पोळा तोंडावर आला होता. मी त्याला जुन्या गावातल्या कुंभाराकडं नेलं.

हे दुकान म्हणजे घराची ओसरी. पाटी नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही त्याला मडकं लागत नाही. दारापासून न्हाणीपर्यंत मातीचे बैल वाळत घातलेले. काही नुसते उन्हात वाळलेले, काही आव्यात भाजलेले. काही चुन्याच्या पांढऱ्या रंगात, काहींच्या शिंगांना सोनेरी वार्निश. चाकावर मुलगा, रंगाच्या डब्यांपाशी सून, उंबऱ्यात म्हातारी, बाजेवर म्हातारा. डोळे रंगवायचं काम दहावीतल्या नातीकडं. ती शिकवणीला जाता-येता डोळे काढत असल्यामुळं सगळे बैल अचानक गणिताची चाचणी जाहीर झाल्यासारखे बघत होते.

दुकानाचा मालक कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. भाव विचारला की म्हातारा मुलाकडं पाहतो, मुलगा बायकोकडं, बायको सासूकडं, आणि सासू गिऱ्हाइकाच्या पायातल्या चपलेकडं.

भाच्याच्या पायात बूट होते. तरी म्हातारीनं ‘साठ रुपये जोडी’ सांगितलं, कारण सोबत मी होतो आणि माझी चप्पल तिच्या ओळखीची होती.

‘फक्त साठ? मी दोनशे देतो,’ भाचा म्हणाला.

घर एकदम थबकलं. चाकसुद्धा मंदावलं. कुंभाराच्या ओसरीवर भाव खाली ओढायची रीत सगळ्यांना पाठ आहे. तिचं ठरलेलं बोलणं आहे, ठरलेली उत्तरं आहेत, उठून चालायला लागायची ठरलेली पायरी आहे. वर ओढणाऱ्याला काय म्हणायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘कामून?’ म्हातारीनं संशयानं विचारलं. ‘काय झालं त्याला?’

‘हातानं केलंय ना, म्हणून.’

‘मंग कशानं करायचं?’

‘साठच द्या, दादा,’ सून मधे पडली. ‘तुमी दोनशे देऊन जाल, अन् उंद्या गल्ली मनंल कुंभारानं पाव्हण्याला लुटलं.’

भाच्यानं मग एकच बैल मागितला. टेबलावर ठेवायला एक पुरेसा होता. इथं प्रथमच म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. ‘जोडी फुटत न्हाई. एकल्या बैलानं काय करता? औत वढंल का?’ टेक्सासातल्या टेबलावर औत नाही, हे सांगायचा भाच्याला धीर झाला नाही.

पुढचे प्रश्न त्यानं त्या मार्केट स्क्वेअरच्या सवयीनं विचारले. तिकडं म्हणे प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी मिळते. कारागिराचं नाव, गाव, घराण्याची परंपरा, सगळं.

‘किती पिढ्या झाल्या, बाबा?’

‘मोजल्या न्हाईत. सगळ्या इथंच हायेत की.’

‘एक बैल करायला किती वेळ लागतो?’

‘तुमी गेल्यावर लवकर व्हतो.’

‘यावर तुमची सही द्याल? बैलाच्या पोटाखाली?’

‘सही?’ मुलगा दचकला. ‘बैलावर कर्ज काढायलेत का काय?’

‘मग निदान हातानं केल्याचं सर्टिफिकेट?’

‘त्ये तहसीलला भेटतं,’ नात डोळे न उचलता म्हणाली.

दरम्यान गिऱ्हाइकी चालूच होती. पोखर्णीकडचा एक शेतकरी मोटारसायकलवरून आला आणि मोठ्यातली मोठी जोडी घेऊन गेला. त्याच्याकडं दोन ट्रॅक्टर आहेत. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्याच देव्हाऱ्यात आता मातीचा बैल लागतो. ज्याच्याकडं खरी जोडी आहे, तो तिचीच खांदमळणी करतो, तिलाच पुरणपोळी चारतो. गोठे जसे ओस पडत चाललेत तशी कुंभाराच्या ओसरीवर गर्दी वाढते. ट्रॅक्टरलाही लोक हळद-कुंकू लावतात, पण पुरणपोळी कुठून भरवायची हे अजून ठरलेलं नाही.

म्हातारी भाच्याला वर्ष समजावून सांगू लागली. पोळ्याला बैल. नवरात्रात घट. दिवाळीला पणत्या. संक्रांतीला वाणाची बोळकी. उन्हाळ्यात माठ. अक्षय तृतीयेला पितरांच्या पाण्याचे घडे. लग्नात मडकी. ‘अन् ते एक असतंच,’ असं म्हणून तिनं कोपऱ्यातल्या साध्या, बिनरंगाच्या मडक्यांच्या उतरंडीकडं हनुवटी केली. तिथं कुणी घासाघीस करत नाही. रात्री-बेरात्री माणूस येतो, एक उचलतो, किती झाले विचारतो आणि देऊन जातो. ते मडकं खांद्यावर जातं, त्याला भोकं पाडतात आणि ते मागं न बघता फोडतात. मेक्सिकन लोकांनी मरणाला टोपी घालून हसवलं. इथं ते उतरंडीला लागून असतं, बैल आणि पणत्यांच्या शेजारी, त्याच मातीत आणि त्याच हातचं.

‘मग हे सगळं टिकत नाही?’ भाच्यानं विचारलं. बैल पूजेनंतर पाण्यात जातो, घट विसर्जनाला जातात, पणत्या काळ्या पडतात, माठ पाझरायचा थांबतो.

‘टिकाया कशाला पायजे?’ म्हातारा बाजेवर उठून बसला. ‘टिकलं तर आमी खावं काय?’

जगातले सगळे व्यापारी ‘आमचा माल टिकाऊ’ म्हणून ओरडत असताना, आपला माल फुटावा म्हणून मनापासून आशीर्वाद देणारं हे एकच दुकान असेल. फुटलं की गिऱ्हाईक परत येतं. तो येतो, मग त्याचा मुलगा येतो, मुलाचं लग्न निघालं की पुन्हा येतो, आणि एकदा स्वतः न येता दुसऱ्याला पाठवतो. असं आयुष्यभराचं गिऱ्हाईक कोणत्याही मॉलला मिळालेलं नाही.

भाच्यानं मग खिशातून ते पंखांचं गाढव काढलं. ते हातोहात फिरलं. मुलानं लाकूड दाबून पाहिलं. सुनेनं ठिपके जवळ नेऊन पाहिले आणि ‘लई बारीक काम हाय’ अशी दाद दिली. नातीनं तर तेवढ्यात फोनवर फोटोही काढला. शेवटी ते म्हातारीच्या हातात आलं.

‘हे कोन्या सनाचं?’

‘कुठल्याच सणाचं नाही, आजी. असंच. घरात ठेवायचं.’

‘सण न्हाई?’ तिला ते पटेना. एवढे ठिपके काढायचे आणि सण नाही! ‘मंग याचं काय करायचं आसतं?’

‘बघायचं.’

तिनं बघितलं. सरळ बघितलं, उलटं करून बघितलं. ‘फुटतं का?’

‘नाही, लाकडाचं आहे. शंभर वर्षं राहील.’

म्हातारीच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसली. त्या दूरदेशीच्या कारागिराची तिला दया आली असावी.

‘मंग बाबा, त्यायचं पोट कसं चालतं?’

भाच्यानं पर्यटकांचं अर्थशास्त्र सांगितलं. एकच माणूस पुन्हा येत नाही, पण नवीन नवीन माणसं येत राहतात. एकदा घेतात, लांब घेऊन जातात, कपाटात ठेवतात. हे ऐकताना म्हातारीचे डोळे बारीक होत गेले. तिच्या डोक्यात काहीतरी हिशेब चालू झाला होता.

‘अन् तुमी ही जोडी कुठं नेणार?’

‘अमेरिकेला.’

‘पोळ्यानंतर पान्यात सोडणार का?’

‘छे! काचेच्या कपाटात ठेवणार. कायमची.’

‘मंजी पुढल्या पोळ्याला तुमी येत न्हाईत.’

‘बहुतेक नाही.’

‘त्याच्या पुढल्या?’

‘सांगता येत नाही.’

‘मंग दोनशे झाले,’ म्हातारी म्हणाली. आणि सुनेला सांगितलं, ‘पाव्हण्याला पक्की भाजलेली दे गं. यायचीच फुटायची न्हाई.’

भाच्याला इतका आनंद झाला की त्यानं पैसे तर दिलेच, वर तिच्या पायाही पडला. नातीनं भिंतीवरचा क्यूआर कोड पुढं केला, सुनेनं बैल साडीच्या फडक्यात गुंडाळले, म्हाताऱ्यानं ‘जपून न्या’ म्हटलं. हे वाक्य त्यानं या व्यवसायात पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

घरी आल्यावर आक्कानं पहिला प्रश्न भावाचा विचारला. भाच्यानं दोनशे सांगितले. तिनं कपाळावर हात मारला, पायात चपला सरकवल्या आणि तडक कुंभाराकडं निघाली. अर्ध्या तासानं परतली तेव्हा तिच्या पिशवीत त्याच दोनशे रुपयांवर मिळवलेली आणखी एक जोडी, दोन पणत्या आणि एक बोळकं होतं.

‘आम्ही दरवर्षी येणारी माणसं आहोत, असं सांगितलं मी तिला,’ ती म्हणाली. ‘आणि तुझी जोडी वाटेत फुटली तर? म्हणून दुसरी आणलीय. ती कच्ची आहे. ती आपण पाण्यात सोडू.’